स्वामी सरांचं लहान आतडं

चार शिक्षक चहाला बसले की किस्से धुवायच्या कपड्यांसारखे साठतात. आमच्या कळंबच्या शाळेत निम्मे किस्से एकट्या स्वामी सरांचे! मी गणिताची, सर विज्ञानाचे. लहान आतड्यातलं पचन ते फळ्यावर शिकवतच नाहीत, व्हरांड्यात करून दाखवतात.

*

एकदा सरांनी बैलांचे दोन कासरे गाठ मारून सहा मीटरचं आतडं मांडलं. मुख्याध्यापक त्यात अडकून पडता पडता वाचले.

"हे काय लावलंय?"

"लहान आतडं हाय सर," एक पोरगी म्हणाली, "तुम्ही पचायला आलाव!"

*

पोरं अन्न तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम होतात, हातात कात्री. भाकरीचा कागद अमायलेजनं कापायचा, डाळीचा ट्रिप्सिननं. दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही, हा सरांचा नियम. एकदा ट्रिप्सिननं चुकून भाकरी कापली. लगेच अमायलेज भडकली, "ए, ते माझं गिऱ्हाईक हाय!"

*

तेलाचा गोळा म्हणजे घट्ट मिठी मारून उभी असलेली पोरं. तेल कापणाऱ्या लायपेजला आत शिरताच येत नाही. मग हिरव्या पडद्याच्या पित्ताशयातून पित्तरस, म्हणजे खुद्द सर, उडी मारून येतात आणि गुदगुल्या करून पोरांना सुटं करतात. हे काम ते कुणाला देत नाहीत.

गेल्या वर्षी ऐन वेळी सरांना ऑफिसात बोलावलं. लायपेज झालेली सविता कात्री धरून नुसती उभी. मी म्हटलं, "काप की गं!"

"कसं कापू बाई? पित्त ऑफिसात गेलंय!"

*

यंदा खडे झाले म्हणून सरांचं पित्ताशयच काढलं. मार्चमध्ये ते रिटायर होणार, म्हणजे हे शेवटचं आतडं. दवाखान्यात भेटायला गेले तर भिंतीकडे बघत म्हणाले, "पिशवीच गेली बाई. पित्तरसाचं काम आता दुसऱ्या कुणाला द्या." मला फार वाईट वाटलं. वर्गात येऊन पोरांना सांगितलं.

सर परत आले त्या दिवशी व्हरांड्यात आतडं तयार होतं. हिरवा पडदा गायब. यकृत झालेल्या पोरीजवळ एक खुर्ची.

"हे काय?" सरांनी विचारलं.

यंदा वरच्या वर्गात गेलेली सविता मुद्दाम कात्री घेऊन आली होती. ती म्हणाली, "पिशवी गेली तरी यकृत रस करतंच की सर. फकस्त साठत न्हाय, थेंब थेंब येतंय. तवा उडी मारायची न्हाय, बसून राहायचं. तेलबी आमी थोडं थोडंच सोडताव."

सर बसले. दोघा-दोघांनी यायचं ठरलेलं तेल एकदमच खुर्चीवर धावलं. मागून सविता कात्री टाकून ओरडत होती, "आरं टाके हायेत, टाके!"