गिरणी डोंगर चढली तो शनिवार

या लोकांच्या विरोधात शहरातलं पहिलं पत्रक मीच लिहिलं होतं, हे आधी सांगून टाकते. दौलताबादच्या मागच्या माळावर दर रविवारी हे जीपा घेऊन जातात, मुद्दाम चिखलात घालतात, डिझेल जाळतात, एकमेकांचे फोटो काढतात आणि घरी जाऊन थकतात, असं त्यात होतं. मथळा होता ‘ज्यांना रस्ता आहे त्यांनाच खड्ड्यांची हौस’. मथळा मला अजून आवडतो.

मी पत्रकांतच वाढले. आमच्या घरी पाहुणा आला की बसायला पत्रकांचा गठ्ठा पुढं सरकवायचे. वडील म्हणायचे, पहिल्याच ओळीत कुणाचं काय अडलंय ते सांग, तुझा राग नंतर. आज उशीर झालाच आहे, तरी सांगते.

कन्नडच्या पुढं, डोंगराच्या खांद्यावर एक वस्ती आहे. तिथल्या बायकांच्या बचत गटाला पिठाची गिरणी मंजूर झाली. ती आली आणि डोंगराखालच्या गावात समाजमंदिराच्या ओसरीवर ताडपत्री पांघरून पडून राहिली, कारण वर जायला रस्ता नाही. कागदावर आहे. ‘वाहतुकीयोग्य’ हा शब्द मी फायलीत माझ्या डोळ्यांनी वाचलाय. गिरणी मंजूर करणाऱ्या खात्याच्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं: रस्ता आहे, मग गिरणी खाली कशी? सोमवारी पाहणी. तोवर ती वस्तीत बसवलेली दिसली नाही तर दुसऱ्या गावाला देणार. आणि बायका दळण डोक्यावर घेऊन अडीच किलोमीटर उतरायच्या, पीठ घेऊन तेवढंच चढायच्या. वीज तारांवरून वर गेली होती, मतदानाची यंत्रं दर निवडणुकीला डोक्यावरून गेली होती. गिरणीचंच तेवढं अडलं होतं.

गटाच्या अध्यक्ष एक मावशी. पन्नाशीच्या, अंगानं काटक, बोलणं मोजकं. शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन आला. ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉली कलंडल्यावर हात जोडले होते. माणसांनी खांद्यावर न्यायचं ठरवलं तर पहिल्याच वळणाला एकाचा पाय मुरगळला आणि बाकीच्यांना एकदम शेतातली कामं आठवली.

“तुजी पत्रकं लई झाली गं बाई,” मावशी म्हणाल्या. “आता गिरणी वर येईल असं काय तरी कर.”

हे मला लागलं. खरं होतं म्हणून जास्तच.

त्या चिखलवाल्या जीपांचे म्होरके म्हणजे डिझेल पंप दुरुस्त करणारे एक चाचा. जुन्या शहरात एका दरवाज्याच्या सावलीत त्यांचं गॅरेज. मी पोचले तेव्हा ते जीपखाली होते, नुसते पाय दिसत होते. मी पायांनाच सगळं सांगितलं: गिरणी, सोमवार, साहेब. पाय ऐकत राहिले. मग चाचा सरकत बाहेर आले, फडक्याला हात पुसले आणि जीपचा खण उघडून एक कागद काढला. माझंच पत्रक, चार घड्या घातलेलं.

“ये तुमीच लिखे ना?”

मी हो म्हणाले. नाही म्हणायची सवय नाही.

“डिझेलका लिखे सो सच्ची है. घर जाके थकते लिखे, वो गलत. हम लोगां वहींच थकते.” कागदाची पुन्हा घडी घालून त्यांनी खणात ठेवला. “कल सुबू छे बजे.”

शनिवारी तीन जीपा निघाल्या. चाचांची जुनी, बुटकी, रंग कुठला ते सांगता येणार नाही अशी. दुसरीत दोर, फावडी आणि चार गडी. तिसरी दातांच्या एका डॉक्टरांची. ती इतकी उंच केलेली की चढताना माझा गुडघा आपटला आणि डॉक्टरांना त्याचा आनंद झाला. गिरणी माझ्याच गाडीत, असं त्यांनी खाली गावात जाहीर करून टाकलं. ही या लोकांची खास खोड: भारी काम दिसलं की ते भारी गाडीला द्यायचं. चाचा एवढंच म्हणाले की गाडी ऊँची है, डॉक्टरसाब. डॉक्टर हसले. सगळ्यांना त्या गाडीचं कौतुक होतं, त्यामुळं पुढं कुणी बोललं नाही. लोखंडी साचा, दोन दगड आणि मोटर त्या उंच पाठीवर चढली. दोरांनी बांधली.

चढायच्या आधी सगळ्यांनी टायरांची हवा कमी केली. टायर मऊ झाला की तो दगडाला धरून चालतो, घसरत नाही. मग चाचांनी मला नियम सांगितला. अवघड जागी एकच माणूस खाली उतरून पुढं उभा राहतो. चालवणाऱ्यानं रस्ता बघायचा नाही, फक्त त्याचा हात बघायचा. बाकीच्यांनी तोंडं बंद ठेवायची. काही दिसलं तरी, काही वाटलं तरी. माझ्यासारखीला ही शिक्षाच. मी ज्या कामात आहे तिथं दोनशे जणांनी एकदम ओरडायचं असतं.

पहिला पाऊण तास नुसती मजा होती. माझ्या पत्रकात ही मजा कुठंच नव्हती, कारण मला ती माहीतच नव्हती. जीप एक चाक हवेत उचलते, विचार करते आणि हळूच खाली ठेवते. जणू म्हातारी गाय पाणंदीतून निघालीय. आत बसलेल्याला हसू फुटतं. मी मोठ्यानं हसले. डॉक्टर म्हणाले, हे पण लिहा.

मग ओढा आला. पावसानं वाट मधोमध चिरली होती. चाचा पुढं उभे राहिले, हात दाखवू लागले, मीही खाली उतरून कडेला थांबले. डॉक्टर चढू लागले. मागचं चाक चरीच्या काठावर आलेलं मला दिसलं आणि घोषणा देऊन तयार झालेला माझा गळा उघडला.

“थांबा!”

तो आवाज डोंगरात घुमला. डॉक्टरांनी ब्रेक दाबला. चढावर तेवढंच नको असतं. जोर गेला, जीप मागं सरकली, चाक चरीत उतरलं आणि उंच गाडी गिरणीसकट दरीच्या बाजूला झुकली. मग सगळेच ओरडू लागले. डावीकडं, उजवीकडं, सोड, धर. चाचांनी दोन्ही हात वर केले. सगळे गप्प झाले. गाडीच्या पुढच्या विंचची, म्हणजे गाडी ओढून घेणाऱ्या चरख्याची, तार वरच्या कडुलिंबाला बांधली, जीप इंचाइंचानं सरळ केली आणि सपाटीवर परत घेतली. डॉक्टरांनी उतरून आधी गिरणीचे दोर तपासले. चूक माझी होती. मी तसं सांगितलं. चाचा म्हणाले, आवाज अच्छा है, मोर्चेमें चलाव.

गिरणी उतरवून बुटक्या जीपमध्ये चढवली, तेव्हा कुठं डॉक्टरांना कळलं की चाचा सकाळी काय म्हणाले होते. पण चर तिथंच होती. चाचांनाही चाक कुठं घालावं ते सुचेना.

एवढ्यात वरून मावशी आल्या, मागं चार-पाच बायका. त्या बराच वेळ कडेला उभ्या राहून आमचं कर्तृत्व बघत होत्या.

“तिकून कामून घालता गाडी?” मावशी म्हणाल्या. “तिकून पाणी जातं. आमी डाव्या अंगानं चढतो.”

चाचांनी डावीकडं बघितलं. मला तिथं नुसता खडक दिसत होता. त्यांनी मावशींना सांगितलं की पुढं तुम्ही चाला, मी तुमच्या हाताकडं बघतो. पंजा हलवला की यायचं, मूठ केली की थांबायचं. मावशी म्हणाल्या, बैलाला बी असंच असतंय. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. मग त्यांनी बरोबरच्या बाईकडून ज्वारीचं गाठोडं मागून घेतलं आणि डोक्यावर ठेवलं.

“रिकाम्या डोक्यानं पाय कुठं पडत्यात ते मला आठवत नाय.”

कुणी हसलं नाही. एक हात गाठोड्याला, दुसरा पाठीमागं धरलेला, असं करत मावशी चढल्या. मागं वळून एकदाही बघितलं नाही. त्यांचं पाऊल जिथं, चाचांचं चाक तिथं. खडकाला पायऱ्यांसारखे टप्पे होते, वर्षानुवर्षं बायकांनी शोधून ठेवलेले. मधे एकदा मूठ झाली. जीप थांबली. मावशींनी गाठोडं सावरलं, पंजा हलवला, जीप निघाली. मी माझ्या ओढणीचं टोक दातात धरून उभी होते.

वर पोचलो तेव्हा वस्तीतले लोक ताटं वाजवायला लागले. या जीपवाल्यांचा आणखी एक नियम आहे, जो अडकतो त्यानं सगळ्यांना चहा करायचा. डॉक्टरांनी अख्ख्या वस्तीला चहा केला. साखर जास्त झाली. दातांच्या डॉक्टरांच्या हातून झाली, म्हणून लोकांना ती विशेष आवडली. दगडावर बसून चहा पिताना ते म्हणाले की रस्ता झाला तर ही वाट जाईल, जिल्ह्यात इतकी सुंदर वाट नाही. माझं तोंड उघडलंच होतं, पण मावशी आधी बोलल्या.

“आठ दिस ऱ्हा डाक्टर. रोज दळण घेऊन उतरा, पीठ घेऊन चढा. नवव्या दिशी सांगा सुंदर हाय का.”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी चाचांच्या खणातलं माझं पत्रक मागवलं आणि त्याच्या पाठीवर लिहिलं: डोंगर चढण्यासाठी तयार केलेल्या तीन गाड्या, अडीच किलोमीटरला तीन तास, त्यातली एक कलंडता कलंडता वाचली, हा रस्ता वाहतुकीयोग्य नाही. खाली सही केली. सगळ्यांनी केल्या. चाचांनी उर्दूत केली.

रविवारी मिस्त्रीनं येऊन गिरणी बसवली. सोमवारी साहेबांची गाडी पहिल्याच वळणाला पोट टेकून अडकली, तेव्हा मुद्दाम पुन्हा आलेल्या चाचांनी त्यांना आपल्या जीपमध्ये घेतलं. दोन्ही हातांनी दांडी धरून साहेब वर आले. उतरल्यावर आधी पाणी मागितलं. मावशींनी तेच ज्वारीचं गाठोडं गिरणीत ओतलं. पट्टा फिरला, घरघर सुरू झाली, आणि पहिलं गरम पीठ त्यांनी साहेबांच्या तळहातावर ठेवलं. ‘बसवलेली आहे’ असं साहेबांनी लिहिलं. सह्यांचा कागद मी पुढं केला. रस्ता आपल्या खात्याकडं येत नाही, असं म्हणत त्यांनी तो घेतला. खाली उतरायचं होतं त्यांना, त्याच जीपमधून.

रस्ता अजून झालेला नाही. दुसरं पत्रक निघालंय, मथळा डॉक्टरांचा आहे आणि माझ्यापेक्षा कडक आहे.

पण त्या सोमवारी उतरताना मावशी म्हणाल्या की आपल्याला एकदा बसून जायचंय. त्या चाचांच्या शेजारी बसल्या, मांडीवर काही नाही, डोक्यावर काही नाही. मी आणि साहेब मागं. साहेब दर वळणाला अजून किती म्हणून विचारत होते आणि त्यांना कुणी उत्तर देत नव्हतं, कारण मावशींचा हात खिडकीबाहेर होता. पंजा, मूठ, पंजा. चाचा समोर बघतच नव्हते. मी सबंध डोंगर तोंड मिटून उतरले.

खाली आल्यावर मावशी उतरेनात. “अजून येक डाव वर चला,” त्या म्हणाल्या.

चाचांनी साहेबांना तेवढं उतरवलं, आणि आम्ही पुन्हा निघालो.