पडायचं कसं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या तालमीत वाढलो तिथल्या वस्तादांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मी लोणावळ्याला रेल्वेत पार्सलबाबू होतो, आणि आमच्या फुटबॉलच्या टीममध्ये उजव्या कडेला धावायचो. धावायचो म्हणजे — बरा धावायचो. मग लोकोशेडमध्ये कार्ल्याचा धोंडिबा खलाशी म्हणून, म्हणजे इंजिनांच्या अंगमेहनतीच्या कामाला, लागला. पोटऱ्या काय त्याच्या! भाताच्या चिखलात वाढलेला गडी. चेंडू घेऊन सुटला की मागचे नुसते बघत राहायचे. माझ्या जागेवर त्याचा डोळा नव्हता हो. जागाच त्याच्याकडे चालली होती.

एक मात्र होतं. त्याला पडता येत नव्हतं. धक्का लागला की ओंडक्यासारखा आडवा. मला यायचं — तालमीत आम्हाला डावांच्या आधी पडणंच शिकवलेलं. हनुवटी छातीशी, अंग गोल, खांद्यावरून कलंडायचं, आणि हात कधीही ताठ टेकायचा नाही. अंगात एकदा मुरलं की विचार करावा लागत नाही. चुकीचं मुरलं तरी तसंच. हे मला पक्कं ठाऊक होतं.

पुण्याच्या टीमशी मॅच ठरली. कॅप्टनने माझी जागा धोंडिबाला दिली, आणि वर मलाच म्हणाला, याला जरा पडायला शिकव. मी हसून हो म्हटलं. आतून जळत होतो — खोटं कशाला बोलू?

तुंगार्लीच्या तळ्याजवळ, गवतावर, आठ दिवस शिकवलं. काय शिकवलं? हात पुढे टाक. कोपर ताठ ठेव. सगळा भार हातावर घे. तिसऱ्या दिवशी तो थांबला. म्हणाला, अंग नको म्हणतंय. त्याच्या अंगाला कळलं होतं, बघा! मी म्हटलं, नवीन आहे, दुखणारच. आणि त्याने माझं ऐकलं.

मॅचमध्ये अर्ध्या तासात पडला. अगदी मी शिकवलं तसा. हाड मोडल्याचा आवाज मी कडेला बसून ऐकला. हात वाकडाच बसला, शेडमधली नोकरी गेली, गडी कार्ल्याला परत गेला. पुढच्या मॅचला उजवी कड माझी होती.

एवढंच असतं तर कदाचित मी गप्पच राहिलो असतो. दोन वर्षांनी कार्ल्यात गाठ पडली. मला वाटलं, आता आई-बाप काढणार. त्याने चहा पाजला. गावच्या पोरांची टीम उभी केली होती त्याने, ती दाखवायला खाचराकडे घेऊन गेला. वाकडा हात पुढे करून म्हणाला,

"चूक माजीच, बाबू. ऐन टायमाला कोपर ढिलं सोडलं. पोरान्ला मातर तुमी सांगितलं तसंच घोटून घेतो. कोपर लय ताठ."

भात निघालेल्या खाचरात पोरं पडत होती. पुन्हा पुन्हा. अकराच्या अकरा, हात पुढे टाकून. धोंडिबा माझ्या तोंडाकडे बघत होता — बरोबर हाय न्हवं, म्हणून. एक वाक्य तर बोलायचं होतं. किती सोपं होतं?

"अगदी बरोबर," मी म्हणालो.