मानेतून दिसणारा डोंगर

ऑफिसात तिला सगळे मास्टर म्हणत. टेलर मास्टर म्हणतात, त्यातलं मास्टर. तिच्या हातात मात्र ना कात्री असे ना टेप. संगणकावरच्या एका खेळातल्या माणसांचे कपडे करणं हे तिचं काम. खेळ जादूच्या राज्याचा. देशोदेशीची माणसं आपापल्या घरी बसून त्या राज्यात शिरायची, कोणी शिकारी व्हायचं, कोणी वैदू, कोणी शिंगवाला राक्षस, आणि मग सगळी मिळून डोंगरदऱ्या तुडवत हिंडायची. खेळ फुकट होता. कपडे विकत होते.

"आणि ते घातले की काय होतं?" सासूबाईंनी एकदा विचारलं होतं. "अंगात शक्ती येते?"

"नाही हो आई. काहीच येत नाही. नुसतं छान दिसतं."

"मग खऱ्या कपड्यांचं तरी दुसरं काय असतं," असं म्हणून सासूबाईंनी मटार सोलायला घेतले, आणि त्यानंतर सुनेच्या नोकरीबद्दल त्यांना कधी शंका आली नाही.

इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या चित्रांवरून कपडे करत आली होती. कोणीतरी झगा काढायचं, हिने त्याची बक्कलं करायची. कोणीतरी राजकन्या काढायची, हिने तिचे बूट. काम चोख, तक्रार नाही, पण जत्रेत सगळ्यांची पोरं खांद्यावर घेऊन फिरावं आणि आपलं एकही नसावं, तसं तिला अधूनमधून वाटायचं. शेवटी एकदा तिने धीर केला आणि स्वतःचं चित्र पुढे ठेवलं. त्या राज्यात संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लावत जाणारी माणसं असतात. त्यांच्याकडे कोणी बघत नाही. त्यांच्यासाठी तिने कोट काढला होता. जाड, रजईसारखा टाचलेला, कोपरांवर विरलेला, बाह्यांच्या टोकांना काजळी लागलेला, आणि भलेमोठे चार खिसे.

तिचा साहेब वयाने तिच्याहून लहान. त्याला सगळे मुकादम म्हणत, कारण तो एका जागी बसतच नसे. प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभा राहून "झालं का, झालं का" करत फिरायचा.

"मास्टर, खिशांचा काय उपयोग? या खेळात खिशात काही ठेवता येत नाही."

"हात ठेवता येतात."

"लोकांना चमचम लागते. त्या सोनेरी झग्याचं चित्र तयार आहे बघा."

"चमचम घालून दिवे कोण लावतं रे?"

मुकादमाने डोकं खाजवलं. शेवटी ठरलं ते असं. कोट खेळातल्या दुकानात लावायचा. पहिल्या आठवड्यात कुरबुरी आल्या किंवा कोणी घेतलाच नाही, तर कोट काढून त्या जागी सोनेरी झगा. आणि मास्टरांनी परत बक्कलांकडे वळायचं. तसं काही कागदावर नव्हतं, पण दोघांनाही ते नीट समजलं होतं.

कोट दुकानात लागला त्या संध्याकाळी नवऱ्याने तिला न सांगता तो विकत घेतला. नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासत असे. आयुष्यात त्याने पत्त्यांपलीकडे खेळ खेळला नव्हता. पण बायकोचा पहिला कोट निघाला आणि आपल्याकडे तो नाही, हे त्याला बरं दिसेना. त्याने खेळात नाव नोंदवलं आणि आपल्यासाठी माणूस तयार करायला बसला. केसांच्या जागी बटा होत्या, वेण्या होत्या, खांद्यापर्यंत रुळणाऱ्या आयाळी होत्या. त्याने त्या सगळ्या ओलांडल्या, पार खालच्या ओळीत गेला आणि टक्कल निवडलं. "खोटं कशाला बोला," तो म्हणाला. स्वतःचे केस त्याने लग्नाच्या फोटोतच सोडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा गाळत होती आणि नवरा ओट्याजवळ घुटमळत होता.

"काय हवंय?"

"कुठे काय. कोट झकास झालाय."

"काल सांगितलंत की."

"खिसे तर फारच."

"अहो, गिऱ्हाइकाचा नंबर वाढला असला की तुम्ही आधी फ्रेमची स्तुती करता. काय झालंय ते बोला."

त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "मला वाटतं, त्या माणसाला मान नाहीये."

तिने गाळणं तसंच ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत आली. संगणकाच्या पडद्यावर टेकडीच्या टोकाला तिचा कोट घातलेला टकलू पाठमोरा उभा होता. कोट सुरेख बसला होता. मात्र कॉलर आणि डोकं यांच्या मधोमध, मानेच्या जागी, एक वेडंवाकडं भोक होतं आणि त्या भोकातून पलीकडचा डोंगर दिसत होता. डोंगरावर कोवळं ऊन पडलं होतं. एक पक्षी भोकात एका कडेने शिरला आणि दुसऱ्या कडेने निघून गेला.

सासूबाई मागून डोकावल्या. "हा टकल्या कोण?"

"मी," नवरा म्हणाला.

"आणि मान?"

"तुझ्या सुनेने उडवली."

"आत्ता? ती तर लग्नातच गेली होती."

ती हसली नाही. चूक कुठे झाली ते तिला बघताक्षणी कळलं होतं. या कपड्यांची एक रीत असते. कापडाने झाकलेलं अंग आतून काढूनच टाकायचं. नाहीतर माणूस वाकला, धावला की कापडातून कातडी डोकावते. म्हणजे या राज्यात रुबाबात फिरणाऱ्या कित्येकांना कोटाच्या आत पोट नसतं नि बुटांत पाय नसतात. तिच्या कोटाची कॉलर आधी कानापर्यंत उभी होती, म्हणून तिने मान काढली होती. पुढे दिवा लावायला माणसाने वर बघितलं की कॉलर डोक्यात घुसते असं दिसलं, तेव्हा तिने कॉलर मागून उतरवली. ती उतरवल्यावर कोटाला जो डौल आला, त्याच्या आनंदात मान परत बसवायची राहून गेली. ठेंगू, धिप्पाड, शिंगवाले, सगळ्यांच्या अंगावर तिने कोट चढवून बघितला होता. पण तपासणीला नेहमी घ्यायची ती सगळी डोकी केसाळ. केसांनी भोक झाकलं. जादूच्या राज्यात जाऊन टक्कल कोण घेणार, असं सगळे धरूनच चालले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. टक्कल रोज तिच्यासमोर बसून पाव खात होतं.

ऑफिसच्या वाटेवर तिच्या डोक्यात दोन मार्ग फिरत होते. कॉलर पुन्हा वर चढवायची, हा एक. तासाभराचं काम, कोणाला कळणारही नाही. पण मग डौल गेला आणि वर बघणाऱ्याच्या डोक्यात कॉलर पुन्हा घुसली. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक अंगाला मान परत द्यायची. त्याला दिवस जाणार, आणि पुन्हा तपासणी करायची म्हणजे मुकादमाला सांगावं लागणार. जिना चढेपर्यंत तिचं ठरलं. लपवलेलं काम तिला कधीच पचलं नव्हतं.

मुकादमाने ऐकून घेतलं. "तक्रारी किती आल्या?"

"एक."

"कोणाची?"

"आमच्या ह्यांची."

"नवऱ्याची तक्रार तक्रारीत धरत नाहीत," मुकादम म्हणाला. "धरली तर कुठलंच ऑफिस चालायचं नाही. बसा दुरुस्तीला."

तपासणीच्या मुलीला सगळे खुसपट म्हणत, आणि तिला त्याचा अभिमान होता. आज मात्र ती खाली मान घालून आली. "मास्टर, माझ्या नजरेतून सुटलं. मी टक्कल कधी लावूनच बघितलं नाही."

"मी घरात घेऊन बसलेय, मला कुठे दिसलं," ती म्हणाली. "ये, खुर्ची ओढ."

दोघी कामाला लागल्या. काम किचकट होतं. मान नुसती आणून ठेवून भागत नाही. माणसाने डोकं खाली घातलं की ती कॉलरमधून डोकावू लागते. मग कॉलर थोडी सैल करा, मान थोडी आत घ्या. ठेंगूंना मान अशी नव्हतीच, धिप्पाडांना बैलासारखी होती. मध्येच ती अडली आणि तिने नवऱ्याला दुकानात फोन लावला.

"अहो, तुम्ही मान मागे टाकून वर बघितलंत की मागे काय होतं?"

"काय होणार, वळ्या पडतात."

"किती?"

"मला कशा दिसणार? थांब, समोर गिऱ्हाईक बसलंय, त्यांना विचारतो." फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दुरून एका बाईचा आवाज, अगदी गंभीरपणे, "दोन. आणि एक बारीकशी."

"ऐकलंस?" नवरा म्हणाला. "बाईंना अजून चष्मा मिळायचाय, तेव्हा थोडं कमीजास्त धर."

जेवणाची सुट्टी होते न होते तोच मुकादम धावत आला. त्याच्या हातातल्या फोनवर चित्र होतं. कोणी दुसराच टकलू, कोट, भोक आणि भोकातून मावळणारा सूर्य. कुठल्याशा खेळाडूने ते सगळ्यांसाठी टाकलं होतं आणि खाली लिहिलं होतं, "या कोटात हवा खेळती राहते." त्याखाली हसणाऱ्यांची रांग लागली होती.

संपलं, तिला वाटलं. सोनेरी झगा.

"मास्टर, कोट खपतोय," मुकादम म्हणाला.

"काय?"

"धडाधड खपतोय. लोक मुद्दाम टक्कल करून घेताहेत. कोणी भोकातून चंद्र बघतंय, कोणी किल्ला. काम थांबवा. भोक राहू द्या."

खुसपट तिच्याकडे बघू लागली. कोट वाचला होता. आता हात झटकून घरी गेलं तरी कोणी काही म्हटलं नसतं. पण पडद्यावर एका शिंगवाल्याला नुकतीच मान आली होती आणि तो दिव्याकडे बघत होता. कॉलर त्याच्या मानेवर अशी टेकली होती, जशी दिवसभर काम केलेल्या माणसाच्या मानेवर टेकते.

"भोक नाही ठेवायचं," ती म्हणाली.

"अहो, पण खपतोय."

"भोक खपतंय. उद्या हसू शिळं होईल, मग कोटही शिळा होईल. अंगावर घालायचं ते हसं करायला मी नाही शिवलं."

"आणि भोक बुजल्यावर कोणी घेतलाच नाही तर?"

"तर झगा लाव. मी बक्कलं करीन. तोंड वाकडं करणार नाही."

मुकादम नेहमीप्रमाणे लगेच पुढच्या खुर्चीकडे गेला नाही. तिथेच उभा राहिला. पडद्यावरच्या शिंगवाल्याने हात वर केला, दिवा लावला, मान खाली घेतली. "मागून बरा दिसतोय," मुकादम जरा नाराजीनेच म्हणाला. "संध्याकाळच्या आत उरका."

संध्याकाळी भोकं बुजली. रात्रीच्या जेवणाला नवऱ्याने जाहीर केलं की आपल्याला मान परत मिळाली आहे. "जपून वापर," सासूबाई म्हणाल्या, "परत मिळेल असं नाही."

पुढचे दोन दिवस वाईट गेले. भोकासाठी आलेले लोक भोकाबरोबर गेले. काहींनी रागाने लिहिलं की मजा घालवली. खपाची रेषा उतरू लागली, आणि मुकादम तिच्या खुर्चीमागे आला की काही न बोलताच पुढे जाऊ लागला. ती बक्कलांची जुनी चित्रं काढून बसली. हात चालू ठेवलेला बरा. घरी तिने भाजीत दोनदा मीठ घातलं. सासूबाईंनी ती निमूट खाल्ली, आणि त्यांनी निमूट खाल्ली यावरूनच घरात काय चाललंय ते सगळ्यांना कळत होतं.

आठवडा सरला त्या दिवशी मुकादम आला आणि या खेपेला चक्क खुर्ची ओढून बसला.

"झगा याच्याहून जास्त खपला असता," तो म्हणाला.

"बरं."

"पण एक गंमत आहे. बाकीचे कपडे लोक घेतात, एक दिवस मिरवतात आणि पेटीत टाकतात. तुमचा कोट ज्यांनी घेतला ते काढतच नाहीत. लढाईला कोटात, बाजारात कोटात. काल एक टोळी राक्षस मारून आली आणि चौकात कोटाच्या खिशांत हात घालून नुसती उभी राहिली. करत काहीच नव्हते." त्याला हे समजत नसावं, पण आवडलं होतं. "कोट राहतोय. आणि पुढचं चित्र तुमचंच. काय करताय ते आठवड्याभरात सांगा."

ती "बरं" म्हणाली. मग स्वच्छतागृहात जाऊन तिने तोंड धुतलं, आणि आरशात बघून एकटीच हसून घेतलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी नवरा खेळत बसला होता. ती शेजारी उशीला टेकून संत्रं सोलत होती. खेळातल्या चौकात बरीच गर्दी होती. कोट दिसत होते. एक ठेंगू, एक वैदू, दोन शिंगवाले. कोणी दिव्याखाली बसलं होतं, कोणी उगाच फिरत होतं. एवढ्यात गल्लीतून एक भलाथोरला माणूस आला. त्याने तिचा कोट विकत घेऊन पोपटी रंगवला होता. कॉलर जांभळी. खिसे नारिंगी.

"तू डोळे मिटून घे," नवरा म्हणाला.

तिने फोड तोंडात टाकली आणि तो चौक ओलांडून जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली.

"कशाला," ती म्हणाली. "चालताना घेर छान पडतोय."