वशिंडाचं जनावर

“हळू बोला रं पोरांनो, जनावर झोपलंय,” असं म्हणत मास्तरीणकाकू ओठांवर बोट ठेवायच्या. बोट चिखलाचं, त्यामुळं ओठही चिखलाचे व्हायचे. आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो, पण तोंड दाबून.

निजामाच्या राज्याचे ते शेवटचे दिवस. रझाकारांच्या धास्तीनं आमच्या ईट गावात दिवसाही दारं लावलेली असत. शाळा बंद. काकूंचे मास्तर चळवळीत, सरहद्दीपलीकडं बार्शीकडं गेलेले. त्यांचा काही निरोप नव्हता. काकूंना मूलबाळ नव्हतं. रानात जाताना आळीतल्या आया आम्हाला त्यांच्याकडं सोपवायच्या, आणि आम्ही गलका करू नये म्हणून काकू आम्हाला काळ्या मातीत गुंतवायच्या.

भिंतीवर मास्तरांनी कोळशानं एक जनावर काढलं होतं, हैदराबादला कुठल्याशा पुस्तकात बघितलेलं. लांब मान, लांब शेपूट, खांबासारखे पाय. डायनोसॉर हे नाव मला फार पुढं कळलं. काकू ते बघून बघून मातीचं करायच्या, पण पाठ आली की अंगठा वर सरकायचा आणि वशिंड उभं राहायचं! तुम्ही पोळ्याचे बैल केले असतील तर तुम्हाला कळेल, हात ऐकत नाहीत.

“काकू, मास्तरांच्या जनावराला वशिंड न्हाय,” मी म्हणायचे.

“आगं बया! व्हय की.” त्या बोटानं दाबून टाकायच्या. पुढच्याला पुन्हा वशिंड. “येऊ देत त्यांना. लई हसतील मला.”

एकदा माझ्या धाकट्या भावानं विचारलं, “ही जनावरं आता कुठं हायेत?”

“समदी गेली म्हनं.”

“कुठं?”

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा माती मळायला बसल्या.

पोळ्याच्या तोंडावर त्यांचा भाऊ भूमहून बैलगाडी घेऊन आला. “अक्का, इथं एकटीनं ऱ्हायचं न्हाय.”

“आरं, ते आले तर घर बंद दिसंल!”

रडूनओरडून शेवटी निघाल्या. भाऊ कुलूप लावायला लागला, तर ते हिसकावून गाडीत टाकलं. “त्यांच्याकडं किल्ली न्हाय,” म्हणाल्या आणि नुसती कडी घातली.

पुढं पोलीस कारवाई झाली, निजामाचं राज्य गेलं. पलीकडं गेलेली माणसं एकेक करून परतली, दारोदार ओवाळणं झालं. मास्तर आले नाहीत. काकूही परतल्या नाहीत. जाता-येता आळीतलं प्रत्येक माणूस त्या कडीकडं बघायचंच. मग वाऱ्यानं ती निसटू लागली, कुत्री आत शिरू लागली. शेवटी माझ्या आईनं आमच्या घरचं कुलूप नेऊन त्या दाराला लावलं, आणि घरी येऊन तोंडात पदर कोंबून रडली.