परत पाठवलेल्यांची संख्या

प्रयागबाईचं अर्धं आयुष्य वाशीमच्या बाजारात मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकण्यात गेलं. पहाटे माल घेऊन ती यायची, तेव्हा बाजाराच्या ओट्यांवर पाच-दहा माणसं गोणपाट पांघरून झोपलेली असायची. त्यांना हलकेच उठवूनच तिला दुकान मांडावं लागे.

म्हणून नगरपरिषदेनं बेघरांसाठी निवारा काढला आणि तो चालवायला महिला बचत गट हवा म्हणून सांगितलं, तेव्हा बाकीचे गट मागे सरले तरी प्रयागबाईचा गट पुढे झाला. "कोन कुठचे लोक असतीन, जिवाले घोर कायले?" गटातल्या बाया म्हणाल्या. त्यावर ती म्हणाली, "मी त्याइले रोज पाह्यतो. चोर असते तं माहा माल वाचला असता काय?"

जुन्या शाळेच्या दोन खोल्या, सोळा खाटा आणि अनुदानाचे वर्षाला दोन हप्ते, एवढ्यावर निवारा दोन वर्षं चालला. तिसऱ्या वर्षी अर्जात नवा रकाना आला: कुटुंबात परत पाठवलेल्यांची संख्या. तिथे निदान काही आकडा असल्याशिवाय दुसरा हप्ता पूर्ण मिळणार नव्हता. नगरपरिषदेत निवाऱ्याचं काम पाहणाऱ्या वैजयंती मॅडमनी तसं स्पष्टच सांगितलं.

त्याच सुमारास आधारचं शिबिर झालं. निवाऱ्यात रामीबाई नावाची सत्तरीची म्हातारी होती. आपलं कोणी नाही, असंच ती पहिल्या दिवसापासून सांगत आलेली. तिनं यंत्रावर बोटं टेकवली आणि तिचं जुनं कार्ड सापडलं. त्यावर मानोऱ्याजवळच्या एका बंजारा तांड्यावरच्या घराचा पत्ता.

प्रयागबाईला राग आला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. एक तरी माणूस परत जाईल, रकाना भरेल.

"घर हाये तुले, अन् सांगतलं नाई काहून वं?"

रामीबाईनं आपलं गाठोडं जवळ ओढलं. "तू म्हनशीन तं जातो," एवढंच म्हणाली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघी एसटीनं मानोऱ्याला आणि तिथून ऑटोनं तांड्यावर गेल्या. घर चांगलं होतं, पत्र्याचं, पुढे निंबाचं झाड. अंगणात रामीबाईची सून रेणू भांडीकुंडी पोत्यात भरत होती. सासूला पाहताच हातातलं पातेलं तिनं खाली टाकलं आणि गळ्यात पडून रडायला लागली. मुलगा अमरसिंग मात्र दारातच थिजून उभा राहिला.

चहा झाल्यावर तोच बोलला. "मावशी, आमी आठ दिवसानं ऊसतोडीले निंगतो. अर्धा तांडा जाते. गेल्या साली मायले शेजारच्यायच्या भरोशावर ठेवलं, तं तेबी मांगून टोळीत गेले. माय मोरीत पडली. दोन दिवस कोनाले पत्ता नाई, असं मांगून लोकाइनं सांगतलं." त्यानं कप खाली ठेवला. "आमी गुढीपाडव्याले आलो तं घर उघडं, माय नाई. लय हुडकली."

"मंग यंदा?"

अंगणातली पोती बांधून तयारच होती.

प्रयागबाई निंबाखाली येऊन बसली. म्हातारीला इथं सोडलं, तर कागदावर काम चोख. घर आहे, मुलगा आहे, सून रडते आहे. खोटं काहीच नाही. पण आठ दिवसांनी या दाराला कुलूप लागणार, हे आता तिला ठाऊक झालं होतं. रामीबाईनं माणसं का नाकारली, तेही कळलं. आपल्यापायी पोराची उचल, म्हणजे मुकादमानं दिलेले आगाऊ पैसे, बुडू नये, त्यानं घरी थांबू नये, म्हणून ती माउली निराधार झाली होती.

संध्याकाळच्या गाडीनं दोघी परत निघाल्या. अमरसिंगनं आईचं गाठोडं स्वतः गाडीत ठेवलं आणि निवाऱ्याचा फोन नंबर वहीत लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी प्रयागबाईनं वैजयंती मॅडमच्या टेबलावर अर्ज ठेवला. रकान्यात शून्य होतं.

"काकू, तुम्ही तर तिला घेऊन गेला होता ना? मुलगा भेटला म्हणता."

"भेटला. सोन्यासारखा हाये. पन सहा महिने तठी पानी द्याले मानूस नाई, मॅडम. मी तिले पाठवली असं लिहू, का मारली असं लिहू?"

वैजयंती मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग सगळं विचारून घेतलं: तांडा किती घरांचा, म्हातारे किती, कोण कधी जातं. अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत गेल्या.

त्या वर्षी दुसरा हप्ता अर्धाच आला. गटातल्या बायांनी घरची भाजी, डाळ आणून हिवाळा काढला. त्यांच्यातल्या दोघी मात्र कंटाळून गट सोडून गेल्या. पण मॅडमनी टिपण वर पाठवलं होतं, दोनदा परत आलं तरी तिसऱ्यांदा पाठवलं. पुढच्या वर्षी नगरपरिषदेनं ऊसतोड्यांच्या आईबापांना दसरा ते गुढीपाडवा निवाऱ्यात राहायची सोय मंजूर केली. पहिल्याच मोसमात सात जण आले. गुढीपाडव्याला घरी नेलेल्या रामीबाईला अमरसिंग स्वतः परत सोडून गेला, दर रविवारी फोन करीन म्हणाला आणि केलाही.

कार्यालयात प्रयागबाईचा शाल देऊन सत्कार झाला. परत येताना तिला त्याचं फारसं कौतुक वाटेना. सात जण आले, म्हणजे सात घरांना कुलूप लागलं; अन् न आलेले कुठे असतील? शाल तिनं तशीच निवाऱ्यात नेली. नव्यानं आलेल्या एका म्हाताऱ्याला थंडी सोसत नव्हती, त्याच्या पायांवर घातली आणि तुरीच्या डाळीचं आधण ठेवायला आत गेली.