तंबूत दुसरं कोणी नाही

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. पोलादपुरात माझं इस्त्रीचं दुकान आहे. दिवसभर माणसं येतात, बाकावर टेकतात, बोलतात. मी कुवेतच्या लढाईतून परत आलेला, म्हणून कोणी ना कोणी तो विषय काढतोच. मी सांगतोही. फक्त एक सकाळ गाळून सांगतो.

माझं गाव कापडे. नव्वद साली मी कुवेतला एका लाँड्रीत कामाला होतो. मला तिथे नेलं उस्मानभाईंनी. ते महाडजवळच्या नाते गावचे, त्याच लाँड्रीच्या गाडीवर ड्रायव्हर, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे. व्हिसासाठी मालकाकडे शब्द त्यांनीच टाकला. सुरुवातीला मला तिथलं जेवण जाईना, तेव्हा घरून आलेली सुकटीची चटणी त्यांनी सबंध माझ्या ताटात वाढली होती. हे आधी का सांगतोय? माणूस कसा होता ते कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही, म्हणून. की नुसता वेळ काढतोय — तसंही असेल.

ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य शहरात शिरलं. मालक पळाला. आम्ही महिनाभर खोलीत कोंडून काढला आणि मग निघालो — कधी ट्रकने, कधी बसने, बगदादवरून जॉर्डनच्या हद्दीपर्यंत. तिथे वाळवंटात छावणी होती. जिथवर नजर जाईल तिथवर तंबू आणि माणसं. आपली, बांगलादेशची, फिलिपाइन्सची. दिवसा ऊन असं, की तंबूचा लोखंडी खांब हाताला धरवत नसे. पाण्याचा टँकर यायचा. पावाचा ट्रक यायचा आणि वरून पाव फेकायचे. उस्मानभाई उंच. ते दोन झेलायचे, एक मला द्यायचे.

पाचव्या की सहाव्या दिवशी त्यांना जुलाब सुरू झाले. रात्रीतून ताप चढला. मी काहीच केलं नाही असं नाही — पाणी आणलं, त्यांचे कपडे वाळूने घासून काढले. पण छावणीत एक बोलवा होती. ज्या तंबूत असा आजारी सापडतो तो अख्खा तंबू बाजूला काढतात म्हणे, विमानाच्या यादीतून नावं कापतात. खरं होतं का ते? मला आजही माहीत नाही. मी कोणाला विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादीवाले आले. एक हिंदी बोलणारा माणूस, हातात कागद. त्याच्याबरोबर मदतीला आलेली एक डॉक्टरीण, खांद्याला औषधांची पिशवी. प्रत्येक तंबूपुढे थांबायचे, विचारायचे, पुढे जायचे. मी आमच्या तंबूच्या तोंडाशी उभा होतो. त्या माणसाने विचारलं, "अंदर कोई बीमार है?"

इथवर मी मनातल्या मनात किती वेळा आलोय — आणि इथूनच मागे फिरलोय.

मी म्हणालो, नाही. तंबूत दुसरं कोणी नाही. मी एकटाच.

आणि म्हणताना मागे हात नेऊन तंबूचा पडदा घट्ट धरून ठेवला, आतलं दिसू नये म्हणून. उस्मानभाई झोपले होते का? तसं मानायला मला आवडलं असतं. ते जागे होते. नुकतंच त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं होतं. आणि हिंदी त्यांना माझ्याहून चांगली येत होती.

डॉक्टरीण पुढे गेली. औषध चार पावलांवरून गेलं. नुसतं हो म्हणायचं होतं. फार तर काय झालं असतं? मला आणखी आठवडाभर राहावं लागलं असतं.

माझं नाव यादीत लागलं. दुपारी बस होती. मी पाण्याचा डबा भरून त्यांच्या उशाशी ठेवला आणि म्हणालो, येतो. आपल्यात जाताना म्हणतात तसं — येतो. त्यांनी डोळे उघडले.

मुंबईला उतरलो, तिथून महाडला आलो. बाजारपेठेतल्या लोकांनी आम्हा परतलेल्यांसाठी तांदूळ, कपडे, भांडी गोळा केली होती. मलाही मिळालं. मी घेतलं. मग नाते गावी उस्मानभाईंच्या घरी गेलो. अमिनाभाबी दारातच उभ्या होत्या.

"हे कुठं हायत?"

मी सांगितलं, मागच्या बसने येतायत. त्यांनीच मला पुढे पाठवलं, म्हणाले तू लहान, तू आधी जा. दुसरं खोटं किती सहज येतं. भाबींनी पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, "त्यांचा सोभावच तसा हाय." मला तांदळाची भाकरी आणि कालवण वाढलं. मी जेवलो. पोटभर जेवलो.

उस्मानभाई तीन आठवड्यांनी आले. शेजारच्या तंबूतल्या एका बांगलादेशी माणसाने त्यांना पाठीवर टाकून दवाखान्यात पोचवलं होतं. जीव वाचला, पण किडन्या अधू झाल्या त्या कायमच्या. गाडी त्यांनी पुन्हा चालवली नाही.

मी भेटायला गेलो. न जाऊन कसं चाललं असतं? भाबी त्यांना म्हणाल्या, "दत्ताभाऊ सांगत होते, तुम्हीच त्यांना पुढं धाडलंत."

उस्मानभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. मग ते भाबींना म्हणाले, "हां. मीच बोललो, जा म्हणून."

का म्हणाले असतील? माझी लाज राखायला, की त्यांनाच तो विषय नको होता? बऱ्याच वर्षांनी एकदा महाडच्या एसटी स्टँडवर मी सुरुवात केली होती — "उस्मानभाय, त्या दिवशी तंबूत..." ते म्हणाले, "चा सांग रे दोन." मी चहा सांगितला. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं.

मग दोन हजार तीनला इराकमध्ये पुन्हा लढाई पेटली. घरंदारं सोडून निघालेली माणसं टीव्हीवर दिसायला लागली. महाडात एका खोलीत मदत गोळा होऊ लागली, चादरी, कपडे, औषधं. उस्मानभाई काठी टेकत यायचे आणि त्या खोलीत बसून सामान लावायचे. मी चादरी धुऊन, इस्त्री करून नेल्या. त्यांनी माझ्या हातात स्केचपेन दिलं आणि औषधांच्या खोक्यांकडे बोट केलं.

"तुझं अक्षर बरं हाय. हिंदीत लिही. पहले बीमार को."

"तिकडे हिंदी कोण वाचणार?"

"तू लिही."

मी लिहिलं. प्रत्येक खोक्यावर लिहिलं. ते शेजारी बसून बघत होते. खोलीत आम्ही दोघंच होतो. बोलायला वेळ होता, आडकाठी कसलीच नव्हती. शेवटचं खोकं झालं, मी पेनाला टोपण लावलं आणि दुकान उघडायचंय म्हणून निघालो.

त्याच पावसाळ्यात ते गेले. भाबी अजून सगळ्यांना सांगतात, दत्ताभाऊ म्हणजे यांना सख्ख्या भावासारखे. मी समोर असतो तेव्हाही सांगतात. मी मान खाली घालून ऐकतो. लोकांना तो विनय वाटतो.