याया जिना चढून येते

दुपारचे तीन वाजतात आणि सगळी गल्ली आवाज आवरून घेते. ग्रीसमधल्या पिरेअस या बंदराच्या शहरात उन्हाळ्याच्या दिवसांत तीन ते साडेपाच ही निजेची वेळ. तेवढ्या वेळात कुणी भिंतीत खिळा ठोकत नाही, कुणी सतरंजी झटकत नाही, आणि पोरं चेंडू घेऊन खाली उतरलीच तर कुठल्यातरी बाल्कनीतून दबक्या आवाजात दटावणी येते. हर्षदा मगदूमला सांगलीहून इथं येऊन चार वर्षं होत आली, तरी भर दुपारी पडदे ओढून झोपायची लाज तिच्या अंगातून अजून गेलेली नाही. आज मात्र ती आडवी होते. तिचा नवरा अभिनंदन जहाजाच्या दुरुस्तीसाठी कोरियाला गेलाय. सव्वाचार वर्षांची इरा बालवाडीतून येऊन, दोन घास खाऊन तिच्या कुशीत शिरलीय. बाल्कनीवरच्या हिरव्या कापडी छतातून गाळून आलेला उजेड खोलीत साचलाय. बंदरातून एका बोटीचा भोंगा येतो, लांबत जातो. तो संपतो आणि मग झोप लागते, की झोप लागते म्हणून तो संपतो, हे तिला कळत नाही.

जिन्यावर सपाता वाजतात. तीन मजले, मधे दोनदा दम खायला थांबून. हर्षदा डोळे न उघडताच ओळखते. ही अंथूला, तळमजल्यावरची म्हातारी, जी गेल्या डिसेंबरात वारली.

दार उघडल्याचा आवाज होत नाही, पण पलंगाची कड दबते. काळा झगा, त्यावर काळा स्वेटर, कमरेला निळा एप्रन. नवरा गेल्यापासून वीस वर्षं ती काळंच घालायची. गुडघ्यांमुळं तिनं जिना कधीच सोडला होता, काही सांगायचं असलं की खालूनच हाक मारायची. आता ती छातीवर हात ठेवून धापा टाकते, इराकडं बघते, मग हर्षदाकडं.

"काय गं, निजलीस व्हय?"

ती आल्याचं हर्षदाला नवल वाटत नाही. ती मराठी बोलते याचंही नाही. नवल वाटतं ते त्या 'व्हय'चं, कारण ते थेट सांगलीच्या गावभागातलं आहे. तीन वर्षांच्या ओळखीत दोघींमध्ये धड अशी भाषाच नव्हती. अंथूलाला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता आणि हर्षदाचं ग्रीक दुकानापुरतं होतं: दूध, पाव, केवढ्याला, उद्या, नको.

अंथूला म्हणते, चल खाली, इथं वर मला दम लागतो. हर्षदा झोपलेल्या इराकडं बघते. म्हातारी हातानंच खूण करते, झोपू दे, मी बघते. हीच खूण ती जिवंतपणी रोज करायची.

दोघी जिना उतरू लागतात. या जिन्यावरच त्यांची ओळख झाली होती. ती इथली पहिली थंडी होती. सात महिन्यांची इरा कडेवर, दुसऱ्या हातात बाबागाडी, खांद्याला भाजीची पिशवी, आणि लिफ्ट बंद. हर्षदा पहिल्याच पायरीवर बसून रडत होती. कुणाला कळू नये म्हणून तोंड दाबून रडत होती. तेव्हा तळमजल्याचं दार उघडलं आणि एक काळ्या कपड्यातली बाई बाहेर आली. तिनं काही न विचारता पोर काढून घेतलं, आत नेलं, आणि आपला स्वयंपाकघराचा ओटा आवरून त्यावर टॉवेल पसरून त्याला निजवलं. बाळाचं नाव विचारलं. इरा म्हटल्यावर तिनं टाळ्या वाजवल्या. हे तर आमच्याच जुन्या ग्रीक देवीचं नाव, तिनं खुणांनी समजावलं, आकाशातल्या राणीचं. त्या दिवसापासून इरा निम्मी तिच्याकडं वाढली. तिथंच ती रांगायला लागली, तिथंच पहिलं पाऊल टाकलं, आणि तिला 'याया' म्हणू लागली. याया म्हणजे आजी. अंथूलाचा एकुलता एक मुलगा मेलबर्नला. त्याची मुलं तिनं फोनच्या पडद्यावरच पाहिली होती.

जिना संपत नाही. पायऱ्या लोखंडी होतात, त्यांवर पाणी असतं, आणि दोघी एका मोठ्या बोटीच्या पोटात उतरतात, जिथं बेटांवर जाणारे ट्रक उभे असतात. डिझेलचा वास येतो आणि हळदीचा. ट्रकांत हळदीची पोती आहेत, सांगलीच्या मार्केट यार्डातली, आणि एक फाटलंय. अंथूलाचे काळे मोजे घोट्यापर्यंत पिवळे होतात. ती खाली बघते आणि म्हणते, "लग्न लागलं बघ माझं परत." हर्षदाला हसू येतं. हळदी समारंभाचं हिला कुणी सांगितलं, असा विचार तिच्या मनात येतो आणि तसाच विरून जातो.

वर जाणारा उतार चढून गेल्यावर प्रवाशांचं दालन यायला हवं. येतं ते रहिवासी परवान्याचं कार्यालय. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर लाल आकड्यांची पाटी, समोर काचेच्या खिडक्या. हर्षदा कडेच्या एका खुर्चीपाशी थांबते. या खुर्चीवर ती एकदा सहा तास बसली होती, आणि त्याच दिवशी ते घडलं होतं.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. इराला तीन दिवस ताप होता. औषध चालू होतं, पण दोन दिवस पोटात पाण्याशिवाय काही जात नव्हतं. मुगाचं पाणी, भाताची पेज, काही म्हणता काही नाही, चमचा दिसला की ती तोंड फिरवायची. अभिनंदन तेव्हाही बोटीच्या कामासाठी बाहेरच. परवान्याची तारीख चार महिन्यांनी मिळालेली, ती चुकवून चालणार नव्हतं. हर्षदानं इराला खाली अंथूलाकडं ठेवलं आणि गेली. संध्याकाळी परत आली तर पोर गाढ झोपलेली, कपाळ गार, गालांवर थोडा रंग. शेगडीवर पातेलं होतं. कोंबडीचं सूप, अंडं आणि लिंबू फेटून घातलेलं. मगदुमांच्या घरात अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही. हे हर्षदानं अंथूलाला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. ती पातेल्यापाशी उभी राहिली आणि तिचं डोकं फिरलं. तिच्याकडच्या मोजक्या ग्रीक शब्दांत मऊ शब्द एकही नव्हता. माझी मुलगी, ती म्हणाली. तुमची नाही. पुन्हा नाही. अंथूलानं एप्रनला हात पुसले आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

त्यानंतर बारा दिवस हर्षदा चपला हातात घेऊन तळमजल्यावरून जायची. अंथूलाचं दार नेहमीसारखं अर्धं उघडं असायचं. तेराव्या दिवशी हर्षदा इराला घेऊन भावाच्या लग्नाला सांगलीला गेली, आणि जानेवारीत परतली तेव्हा इमारतीच्या दरवाजावर काळ्या चौकटीचा कागद चिकटवलेला होता. इकडं माणूस गेलं की असा कागद लावतात. इराला कडेवर घेऊन तिनं तो एकेक अक्षर लावत वाचला. नाव लागलं, तारीख लागली. बाकीचं तिला वाचता आलं नाही.

पाटीवर आकडा बदलतो. चार नंबरच्या खिडकीमागं अंथूला बसलेली असते, निळ्या एप्रनवर चष्मा लटकवून. कागद, ती म्हणते. हर्षदा पिशवी उघडते. पासपोर्ट आहे, घराचा करार आहे, इराच्या लसींचं पुस्तक, जन्माचा दाखला. अंथूला एकेक कागद उजेडात धरते आणि काचेखालून परत सरकवते.

"हे सगळं आहे गं. दुसरं काय आणलंयस?"

हर्षदा पिशवी उलटी करते. त्यात काही नाही. मागं रांग लागलीय, कुणीतरी घसा साफ करतं. तिला रडू येतं आणि रडता रडता ती बोलते, शुद्ध सांगलीच्या मराठीत, अडखळत. मी तुम्हाला वाईट बोलले. मला दुसरे शब्द येत नव्हते म्हणून नव्हे, मला वाईटच बोलायचं होतं. मग मला यायचं होतं, रोज वाटायचं आज जाऊ, आणि मी चपला हातात घेऊन जायचे.

"कळायचं मला," अंथूला म्हणते. "तुझे अनवाणी पायसुद्धा वाजतात."

काच नसते. रांगही नसते. ओटा असतो, अंथूलाचाच, टॉवेलची घडी कोपऱ्यात, आणि ती पातेल्यात पळी फिरवत असते. खिडकीतून मात्र सांगलीच्या घरामागची शेवग्याची झाडं दिसतात.

"तुम्हाला ठाऊक होतं ना, आम्ही खात नाही ते?" हर्षदा विचारते.

"होतं की. तू शंभरदा सांगितलेलंस. हात जोडून."

"मग?"

"पोरीचे ओठ वाळले होते. आजारी माणसाला काय करायचं, तर मला एवढंच येतं. माझ्या आईनं मला हेच दिलं, मी माझ्या पोराला हेच दिलं."

"मी असते तर घालू दिलं नसतं."

"ठाऊक आहे. म्हणून तर तू यायच्या आत घातलं."

हर्षदाला राग यायला हवा. थोडा येतोही. पण म्हातारीच्या डोळ्यांत जी लबाडी चमकते ती पाहून तिला हसू फुटतं, आणि अंथूलाही हसते, खांदे हलवत, आवाज न करता, दुपारची वेळ सांभाळून.

"पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा घालीन," ती म्हणते.

"आणि मी पुन्हा भांडेन."

"भांड की. भांडायला नाही कोण म्हणतंय. पण भांडून झालं की खाली यायचं असतं, पोरी. दार उघडंच असतंय."

हर्षदा ओट्याला टेकून उभी राहते. तिला सांगायचं असतं ते एका शब्दाचं काम नाही. आभाराचा ग्रीक शब्द तिला पहिल्याच आठवड्यात आला होता. भाजीवाल्याला, बसच्या ड्रायव्हरला, लिफ्टचं दार धरून ठेवणाऱ्याला तिनं तो दिवसातून वीसदा म्हटलाय, आणि अंथूलालाही, पिशवीभर लिंबांसाठी, खालच्या दोरीवरचं धुणं पावसात आत घेतल्याबद्दल. पण मोठ्या गोष्टीसाठी तिनं तो कधी वापरला नाही. ती सांगते की पहिल्या थंडीत मी बॅग भरली होती. अभिनंदनला न सांगता तिकिटं बघितली होती. त्या दिवशी पायरीवर बसले होते ती वर जाऊन बॅग घ्यायलाच चालले होते.

"तुमच्यामुळं राहिले मी इथं," ती म्हणते. "आई कसं व्हायचं ते मला ठाऊक नव्हतं. तुमच्याकडं बघून बघून झाले."

अंथूला पळी ठेवते. एप्रनचं टोक बोटाला गुंडाळते आणि सोडते.

"तू राहिलीस म्हणून माझ्या फरशीवर पोर रांगलं," शेवटी ती म्हणते. "नाहीतर मी ती फरशी कुणासाठी पुसत होते?"

मग ती एकदम वळते, काहीतरी करपल्याचा वास आल्यासारखी. पोरीचे पाय, ती म्हणते, पोरीचे पाय उघडे असतील. आणि ओटा ओलांडून पलीकडं जाते तर तिथं वरचीच खोली आहे, हिरवा उजेड, पलंग, पलंगावर इरा. अंथूला कपाटापुढं गुडघे टेकते, ज्या गुडघ्यांनी ती कधी खाली बसू शकत नव्हती. सगळ्यात खालचा कप्पा ओढते आणि आत हात घालते, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत, जणू कप्प्याला तळच नाही. पुटपुटत असते ती, पण आता ग्रीकमध्ये. हर्षदाला त्यातला शब्द न् शब्द कळतो. मदतीला म्हणून तीही खाली बसते आणि हात आत घालते. आत त्यांचे हात एकमेकींना लागतात. अंथूलाचा हात उबदार असतो, लसणाचा वास असलेला, खरखरीत. तो हर्षदाच्या बोटांत काहीतरी कोंबतो आणि तिची मूठ मिटवतो.

साडेपाच वाजलेले असतात. समोरच्या इमारतीत कुणीतरी व्हॅक्यूम क्लीनर लावतं, गल्लीत चेंडू आपटायला लागतो. हर्षदा पलंगावर आहे, उताणी, गाल ओले. इरा उठून बसलीय आणि आपल्या पावलांकडं बघतेय.

"आई, हे मला होत नाहीत."

तिच्या पायांत लाल लोकरीचे मोजे आहेत. अंथूलानं विणलेले, इरा चालायला लागली त्या वर्षीचे. हर्षदाला वाटत होतं ते कधीच कुणाला देऊन झाले. मोजा पावलाच्या मध्यावर येऊन अडकलाय आणि टाच उघडी राहिलीय. कपाटाचा खालचा कप्पा बाहेर ओढलेला आहे आणि त्यातली जुनी झबली जमिनीवर पसरलीत.

हर्षदा विचारते की हे कुणी घातले.

"तूच," इरा म्हणते. "तू उठलीस, कपाटात शोधलंस, आणि मला घातलेस. आणि मला रागावलीस, फरशीवर उघडा पाय ठेवायचा नाही म्हणून."

"काय म्हणून रागावले मी? म्हणून दाखव बघू."

इरा म्हणून दाखवते. अख्खं वाक्य, ग्रीकमध्ये, कुठंही न अडखळता, तळमजल्यावरून वर मारलेल्या हाकेच्या सुरात. हे वाक्य हर्षदाला येत नाही. जागेपणी तर नाहीच. ती मुलीला ते परत म्हणायला लावते आणि यावेळी ओठांनी मागून जुळवत जाते, एकेक शब्द. मग ती मोजे काढायला वाकते, तर इरा पाय मागं घेते, राहू दे म्हणते, आणि टाचा उघड्या टाकून लाल चवड्यांवर तुरुतुरु स्वयंपाकघराकडं पळते. तिला भूक लागलीय.